शनिवारची बैठक आणि आमची पास्टरेट कमिटी: एक खुले पत्र

सन्माननीय पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिटीचे सर्व सभासद,

प्रभूमध्ये सलाम.

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भक्ती संपत आली असताना, आशीर्वादाच्या आधी, सेक्रेटरीसाहेबांनी सूचना वाचल्या. पहिली महिला मंडळाच्या वर्गणीची. दुसरी सुगीच्या उपकारस्तुतीची. तिसरी आमची. शनिवारी संध्याकाळी भरणारी शास्त्राभ्यासाची बैठक मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या परवानगीशिवाय चालते, तिथे पवित्र शास्त्राचे निरनिराळे अर्थ लावले जातात, त्यामुळे मंडळीत गोंधळ होतो, म्हणून ती बंद करण्यात येत आहे. सभासदांनी तिथे जाऊ नये, शंका असल्यास पाळकांना विचारावी. शेवटी पेत्राच्या दुसऱ्या पत्रातलं एक वचन. मिनिटभरात सगळं आटोपलं, आशीर्वाद झाला, लोक चपला घालून बाहेर पडले. आम्ही अकरा जण मात्र चर्चभर विखुरलेल्या आपापल्या बाकांवर बसूनच राहिलो, आणि जाणारे येणारे आमच्याकडे वळून बघत होते.

त्यानंतर मी कमिटीला दोन अर्ज दिले. पहिल्याची पोचही मिळाली नाही. दुसरा ‘पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ’ म्हणून ठेवून घेतला गेला आणि ती मीटिंग होऊन गेली. सूचना सगळ्या मंडळीसमोर वाचली गेली, म्हणून माझं उत्तरही सगळ्यांसमोर लिहिते आहे. गावाचं आणि मंडळीचं नाव मुद्दाम घालत नाही. माझं भांडण कुणा एका माणसाशी नाही, एका निर्णयाशी आहे. नगर जिल्ह्यात किंवा जालन्याकडे हे पत्र वाचणाऱ्यांना आपल्याच मंडळीतली गोष्ट वाटली, तर त्यांनीही ती आपल्या कमिटीपुढे मांडावी.

ही बैठक म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण सूचनेतून ती काहीतरी गुप्त सभा असल्यासारखी वाटते. शनिवारी सहा ते साडेसात. आधी शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांना शास्त्र शिकवायच्या शाळेच्या, खोलीत, आणि त्या खोलीला कुलूप लागल्यापासून माझ्या घराच्या ओट्यावर. एक सतरंजी, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. नाव नाही, पावतीपुस्तक नाही, पुढारी नाही. एक गीत, छोटी प्रार्थना, मग एक अध्याय, ज्याला जसं जमेल तसं वाचून. यात एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका आहेत, अंगणवाडीत काम करणाऱ्या एक ताई आहेत, शिवणकाम करणारं जोडपं आहे, साखर कारखान्यातले दोघे भाऊ आहेत, नर्सिंगला जायच्या तयारीत असलेला एक मुलगा आहे, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मावशी आहेत, ज्यांनी आपल्यापैकी निम्म्या कमिटीला शब्बाथ शाळेत ‘प्रभूची प्रार्थना’ पाठ करून घेतली. वसईहून लग्न होऊन आलेली एक सून आहे, ती कॅथलिक. ती फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीत आणलेलं सुबोध बायबल घेऊन येते. आपल्या शास्त्रात ६६ पुस्तकं आणि तिच्या शास्त्रात ७३. ही सात पुस्तकं जास्तीची कुठून आली, यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ बोललो. कुणाचा विश्वास डळमळला नाही. उलट मावशींनी तिच्याकडून तोबीतचं पुस्तक वाचायला मागून नेलं.

आता माझा यात काय संबंध, ते सांगते. हे सांगणं सोपं नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एप्रिल २०२१ मध्ये माझे पती गेले. दुसऱ्या लाटेत. बेड मिळेपर्यंत पहाटेचे चार वाजले होते आणि सहा वाजता सगळं संपलं. मातीला आम्ही पाच जण होतो. नंतर, बंदी थोडी सैल झाल्यावर, लोक भेटायला येऊ लागले. मंडळीतले एक वडीलधारे बंधू माझ्या समोर बसून म्हणाले, “बाई, प्रभू विनाकारण मारत नाही. घरात कुठं काय चुकलं ते शोधा, पश्चात्ताप करा.” त्यांनी वचनही दाखवलं. मी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर यांच्या शर्टांच्या कपाटापाशी बसून मी खरोखरच शोधत राहिले, काय चुकलं असेल. पुढचे चार महिने मी चर्चची पायरी चढले नाही. भक्तीचं यूट्यूबवरचं प्रक्षेपण लागलं की टीव्ही बंद करायची.

ऑगस्टमध्ये मावशी एका दुपारी डब्यात भरलं वांगं घेऊन आल्या. त्यांनी सांत्वन केलं नाही. जेवण झाल्यावर एवढंच म्हणाल्या, “ईयोबाचं पुस्तक वाचू या का? मलाही ते कधी नीट समजलेलं नाही.” बैठक तिथून सुरू झाली, पाळकसाहेब. आधी आम्ही दोघी. मग शिवणकाम करणाऱ्या ताई. मग इतर.

ईयोब वाचायला आम्हांला जवळजवळ चार महिने लागले. मतभेद म्हणजे काय आणि त्याचं काय होतं, ते मी तिथे पाहिलं. पहिल्या भागात सगळे एकमताने चालले होते. निर्दोष असून सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. मग बोलायला लागतात आणि त्यांचं म्हणणं एकच: देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, म्हणजे तुझं काहीतरी चुकलं आहे. कंडक्टर काका म्हणाले, “बरोबरच बोलतायत. शास्त्रात लिहिलंय ते खोटं कसं असेल?” त्यावर नर्सिंगचा मुलगा, तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा, हळूच म्हणाला, “काका, बोलतोय कोण तेही बघायला पाहिजे. सैतानाचं बोलणंसुद्धा याच पुस्तकात दुसऱ्या अध्यायात लिहिलंय.” काकांना राग आला. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी आले, पण कोपऱ्यात बसले.

बेचाळिसावा अध्याय आला तेव्हा वाचायची पाळी काकांची होती. सातव्या वचनात परमेश्वर अलीफजाला सांगतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. काका तिथे थांबले. परत एकदा मनातल्या मनात वाचलं. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुस्तकाकडेच बघत म्हणाले, “बाई, साहेब गेले तेव्हा तुमच्या घरी येऊन मी हेच बोललो होतो.”

ते वडीलधारे बंधू म्हणजे हे काका. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे.

म्हणजे काकांनी मत बदललं असं समजू नका. आजही हा विषय निघाला की ते शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय काढतात, आशीर्वाद आणि शाप वाचून दाखवतात, आणि पापाची शिक्षा याच जन्मी मिळते असं ठामपणे सांगतात. मी योहानाचा नववा अध्याय काढते, जिथे शिष्य जन्मांध माणसाकडे बघून ‘पाप कोणाचं, याचं की आईबापाचं’ असं विचारतात आणि येशू दोन्हीला नाही म्हणतो. आमचं यावर एकमत झालेलं नाही. पण दर रविवारी काका मला रिक्षाने चर्चला घेऊन येतात. मी परत चर्चमध्ये आले ती या बैठकीमुळे. ज्या बैठकीने एका बाईला मंडळीत परत आणलं, तिच्यामुळे मंडळी फुटते असं सूचनेत म्हटलं आहे, म्हणून मला गप्प बसवत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली ही, की आम्हांला कुणी विचारलंच नाही. एकाही सभासदाला बोलावणं आलं नाही. तक्रार कुणी केली, कशाबद्दल केली, काही सांगितलं नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय आपण सगळ्यांनी अनेकदा ऐकला आहे. सुंता झाल्याशिवाय तारण नाही असं काहींनी शिकवलं, पौल आणि बर्णबा यांनी विरोध केला, प्रश्न यरुशलेमेला गेला. तिथे पुष्कळ वादविवाद झाला असं लूकने सरळ लिहून ठेवलं आहे. मग पेत्र उठला, मग पौल आणि बर्णबा यांचं सगळ्यांनी निमूटपणे ऐकून घेतलं, मग याकोब बोलला, आणि त्यानंतर पत्र लिहिलं गेलं. आपल्याकडे पत्र आधी निघालं आणि बोलणं अजून व्हायचंच आहे. मंडळीच्या पहिल्याच मोठ्या मतभेदात प्रेषितांनी जे केलं ते आपण अकरा साध्या माणसांच्या बाबतीत का करू शकलो नाही, याचं उत्तर मला हवं आहे.

दुसरी तक्रार सूचनेतल्या वचनाबद्दल. पेत्राचं दुसरं पत्र, अध्याय १, वचन २०. शास्त्रातला कोणताही संदेश कुणा एकाच्या स्वतःच्या अर्थाने उलगडत नाही, असा त्याचा आशय. आपण ते आमच्याविरुद्ध वाचलंत. त्याच्या पुढचं एकविसावं वचन मात्र वाचलं नाहीत. तिथे पेत्र सांगतो आहे तो संदेश आला कुठून याबद्दल: तो माणसांच्या इच्छेने आला नाही, पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने माणसं बोलली. म्हणजे हे वचन मुळात लिहिणाऱ्यांबद्दल आहे, असं पुष्कळ भाष्यकार मानतात. दुसरे काही म्हणतात, नाही, ते वाचणाऱ्यांबद्दल आहे. बघा, मतभेद बंद करण्यासाठी जे वचन निवडलं त्याचेच दोन अर्थ आहेत. आपला अर्थ धरला तरी मला विचारायचं आहे: एकट्याने आपल्या मनाचा अर्थ लावू नये असं पेत्र सांगत असेल, तर अकरा जणांनी एकत्र बसून, चार भाषांतरं शेजारी शेजारी ठेवून, एकमेकांची चूक दाखवत वाचणं ही तर त्या धोक्यापासून दूर जायची वाट झाली. याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पेत्र कबूल करतो की पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत. पेत्राला कठीण गेल्या, त्या आम्हांला आणि आपल्यालाही कठीण जाणार. तसं म्हणण्यात कमीपणा नाही.

तिसरी तक्रार मावशींची आहे, पण त्या ती कधीच करणार नाहीत, म्हणून मी करते. सूचना वाचली त्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर कमिटीतल्या एका सभासदांनी त्यांना ऐकवलं, “बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं पौलानं सांगितलंय, आणि तुम्ही पुरुषांना शिकवायला निघालात.” मावशी काही बोलल्या नाहीत. काठी टेकत घरी गेल्या. पुढच्या दोन शनिवारी त्यांचं दार बंद होतं.

आम्ही त्या वचनावर बोललो होतो, साहेब. करिंथकरांस पहिलं पत्र, चौदावा अध्याय, चौतिसावं वचन. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल बाई प्रार्थना करते, संदेश देते, असं गृहीत धरून तिने डोकं झाकावं की नाही हे सांगतो. एकाच पत्रात दोन्ही आहे. हे कसं जुळवायचं, यावर आमच्यात तीन मतं निघाली. शिवणकाम करणारे दादा तर आजही ठामपणे म्हणतात की बाईने उपदेश करू नये. त्यांच्या पत्नीला ते पटत नाही. दोघं एकाच सतरंजीवर बसतात.

मग रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आला, फिबीचा. मराठीत तिला मंडळीची सेविका म्हटलं आहे. अंगणवाडीतल्या ताई पटकन म्हणाल्या, “सेविका म्हणजे आमच्यासारखी. राबायचं आम्ही, ठरवायचं वरच्यांनी.” मी शिक्षिका होते, शब्दांच्या मागे लागायची मला सवय. शोधलं तेव्हा कळलं की मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘दियाकोनोस’ असा शब्द आहे, आणि करिंथकरांस पत्रात पौल तोच शब्द स्वतःसाठी आणि अपुल्लो या उपदेशकासाठी वापरतो. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तिचं काम आणि पौलाचं काम एकाच शब्दात आहे?” त्या एका शब्दावरून फिबीला कोणता अधिकार होता हे सिद्ध होत नाही, हेही आम्ही बोललो. पण ताईंनी पेन्सिलने त्या शब्दाखाली रेघ ओढली. पंचवीस वर्षं चर्चमध्ये येणाऱ्या त्या बाईने शास्त्रावर पहिल्यांदा प्रश्न विचारला होता. आपल्या सूचनेत यालाच गोंधळ म्हटलं आहे.

आणि अपुल्लोला प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, कृत्ये १८:२६. अपुल्लो तर शास्त्रात प्रवीण होता. एका बाईकडून शिकून तो लहान झाला नाही.

चौथी तक्रार सगळ्यांत गंभीर आहे. नर्सिंगच्या त्या मुलाला प्रवेशासाठी पाळकांचं शिफारसपत्र हवं आहे. बाप्तिस्म्याचा दाखला त्याच्याकडे आहे, वर्गणी भरलेली आहे, तरुण संघाचं ख्रिस्तजयंतीचं सगळं काम तो करतो. पत्र मागायला गेला तेव्हा त्याला सांगण्यात आलं, “आधी त्या बैठकीचं काय ते ठरव.” त्याच्या वडिलांचा हातगाडीवर फळांचा धंदा आहे. अर्जाची मुदत जवळ येते आहे. शास्त्राच्या अर्थावरून आमच्याशी मतभेद असेल तर आम्हांला बोलवा, रागवा, चुका दाखवा. पण एका मुलाचं शिक्षण त्यासाठी अडवून धरू नका. हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, आणि मुलाचा दाखला अडवणाऱ्यांशी मी प्रत्येक वेळी भांडले आहे.

सूचनेनंतर आम्हांला ‘पंथवाले’ म्हटलं जाऊ लागलं आहे. एवढंच नोंदवते, त्यावर अधिक लिहीत नाही.

आपली भीती मला कळत नाही असं नाही. आपल्या भागात गेल्या काही वर्षांत काय काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. बाहेरून कुणी येतो, हॉल भाड्याने घेतो, माइक लावतो, वर्षभरात जुन्या मंडळीतली दहा घरं तिकडे जातात आणि दोन भाऊ एकमेकांच्या मातीलाही जात नाहीत. पाळकसाहेबांना ही काळजी वाटणारच. आमच्याही चुका झाल्या. खोलीला कुलूप लागलं तेव्हा आम्ही लेखी विचारायला हवं होतं, आम्ही रुसून ओट्यावर गेलो. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यावरून कारखान्यातल्या दोघा भावांचा आवाज इतका चढला की शेजारच्या बाई बाहेर आल्या. पंधरा दिवस ते एकमेकांशी बोलले नाहीत. यासाठी मी मंडळीची माफी मागते.

पण एक प्रसंग आपल्याला माहीत नसावा. गेल्या पावसाळ्यात एक पाहुणे बैठकीला आले होते. बोलायला गोड, वचनं तोंडपाठ. शिवणकाम करणाऱ्या ताईंना साखरेचा आजार आहे, त्या इन्सुलिन घेतात. पाहुणे म्हणाले, विश्वास पूर्ण असेल तर सुई टोचायची गरज काय, औषध म्हणजे अविश्वास. ताई हलल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं, त्या आज रात्री सुई घेणार नाहीत. तेव्हा कंडक्टर काकांनी यशयाचा अडतिसावा अध्याय उघडला. हिज्कीया राजा मरायला टेकला आहे, देवाने त्याची प्रार्थना ऐकली आहे, पंधरा वर्षं वाढवून दिली आहेत, आणि तरी यशया सांगतो की अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधा. नर्सिंगच्या मुलाने तीमथ्याला लिहिलेलं काढलं, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं पौल सांगतो ते. मावशींनी आठवण करून दिली की शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. पाहुणे पुढच्या शनिवारी आले नाहीत. ताईंनी त्या रात्री सुई घेतली.

ऐकून मान डोलवायची सवय लागलेल्या सभेत हे झालं नसतं. तिथे ते पाहुणे बोलले असते आणि आम्ही आमेन म्हटलं असतं. चुकीच्या शिकवणीपासून मंडळीला वाचवायचं असेल तर माणसांना पुस्तक उघडून पडताळायची सवय हवी. बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहिलं, आणि कृत्यांच्या सतराव्या अध्यायात त्याबद्दल त्यांची स्तुती आहे.

आणि निरनिराळे अर्थ आपल्या महाराष्ट्राच्या ख्रिस्ती समाजाला नवे आहेत का? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांतल्या काही तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत, बॅप्टिस्ट कळत्या वयातल्या विश्वासणाऱ्यालाच देत. यापेक्षा मोठा मतभेद कोणता? त्यांनी दोन्ही पद्धती मंडळीत ठेवल्या. आपल्यापैकी अर्ध्यांचे सोयरे त्या मंडळीत आहेत. लग्नाच्या वेळी आपण तिकडच्या मुलीला बाप्तिस्मा कोणत्या वयात झाला म्हणून परत पाठवत नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण महिला रविवारी अभिमानाने घेतो. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्या त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मोठ्या सिद्धांतांवर पत्रांतून वाद घालत राहिल्या. पुरोहितांच्या जुवातून सुटून आले ते पुन्हा तसलंच जू मानेवर घ्यायला नव्हे, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. त्यांना तेव्हा मंडळीबाहेर काढलं असतं, तर पुढे केडगावचं मुक्ती मिशन कुठून उभं राहिलं असतं? उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं शास्त्र साध्या मराठीत आणलं, बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते पूर्ण छापून निघालं, मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. मावशींकडे त्याची जुनी प्रत आहे, त्यांच्या सासूची, पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेली. बैठकीत एखाद्या वचनावर अडलं की आम्ही म्हणतो, “रमाबाईंनी काय लिहिलंय बघा.” मावशी पानं इतक्या हळू उलटतात की सगळे श्वास धरून बसतात.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा समुदाय काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही होते. तेव्हाही पुष्कळांना ते पटलं नव्हतं. आज त्यांची गीतं आपण दर रविवारी गातो.

आणि एक गोष्ट, जी आपण चर्चमध्ये मोठ्याने बोलत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे पणजोबा गावकुसाबाहेरचे. पोथी ऐकायची नाही, पाटीला हात लावायचा नाही, आणि अर्थ विचारायचा तर प्रश्नच नव्हता. माझी आजी बायबल वूमन होती. वाडीवाडीने पायी जाऊन शास्त्र वाचून दाखवायची. ती सांगायची की तिच्या आईने वयाच्या तिशीत पहिलं अक्षर गिरवलं ते शुभवर्तमान वाचता यावं म्हणून, चुलीसमोर, राखेवर बोटाने. ‘वाचा, पण अर्थ आम्ही सांगू’ हे त्या घराला ऐकवू नका. ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं आहे.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

मुलाचं शिफारसपत्र या आठवड्यात द्यावं. बाकी सगळ्याला वेळ घ्या, याला घेऊ नका.

सूचना मागे घ्यावी, आणि जशी ती भक्तीत वाचली गेली तशीच भक्तीत, सूचनांच्याच वेळी, मागे घेतल्याचं वाचावं.

मावशींची ज्यांनी पायऱ्यांवर कानउघाडणी केली त्यांनी त्यांच्या घरी जाऊन बोलावं. जाहीर माफी मावशींना नको आहे, त्यांना लाज वाटेल. घरी जावं, चहा घ्यावा.

शब्बाथ शाळेची खोली शनिवारी दीड तास मिळावी. विजेचे पैसे आम्ही देऊ, झाडून देऊ, किल्ली परत करू. कमिटीला हवा असेल तर तिचा एक सभासद दर वेळी बसावा. आम्ही काय वाचणार ते महिनाभर आधी फळ्यावर लिहू.

आणि यापुढे मंडळीतल्या कुणाविरुद्धही, मग ते आम्ही असू की दुसरं कुणी, शिकवणीबद्दल तक्रार आली तर आधी त्या माणसाला बोलावून ऐकून घ्यावं, मग निर्णय लेखी द्यावा. असा साधा ठराव कमिटीने करावा आणि येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावा.

पाळकसाहेब, आपण सेमिनरीत शिकलात, मूळ भाषांशी आपली ओळख आहे, आमची नाही. कितीतरी शनिवारी एखाद्या शब्दावर अडून आम्ही म्हटलं आहे, आज साहेब असते तर विचारलं असतं. आपण आमच्यात येऊन बसावं अशी माझी फार इच्छा आहे. शिकवायला या, किंवा नुसते ऐकायला या. आपल्याला आमचं पटलं नाही तर तसं तिथेच सांगा. काकांना माझं पटत नाही, मला दादांचं पटत नाही, आपल्यासाठीही जागा आहे.

सूचनेचा मान राखून आम्ही तीन शनिवार बैठक भरवली नाही. येत्या शनिवारी मात्र सहा वाजता माझ्या ओट्यावर पुन्हा बसणार आहोत. हे लपून करायचं नाही म्हणून इथे आधी सांगते आहे. मावशींना मी काल जाऊन भेटले, त्या यायला तयार झाल्या आहेत. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय आहे, एकजण सगळं खातो आणि दुसरा फक्त भाजीपाला, तो. वाचायची पाळी कंडक्टर काकांची आहे. संध्याकाळी ओट्यावर उजेड कमी असतो, येताना चष्मा घेऊन या.

आपली बहीण,
शनिवारच्या बैठकीतली एक सभासद, निवृत्त शिक्षिका
(नाव कमिटीकडच्या दोन्ही अर्जांवर आहे.)